बाजारापासून दोन उड्या

बाबा,
आपल्या कॉम्प्युटरवरच्या अंतराळाच्या खेळातला तळ मी काल हलवला. चिडू नका. तुम्ही हट्टाने निवडलेल्या ग्रहापासून बाजाराचं स्थानक यानाच्या नऊ उड्या लांब होतं. माल विकायला नेताना जीव मेटाकुटीला यायचा. आता दोनच उड्या. अगदी बाजाराच्या तोंडाशी नको, तिथे लुटारू टपलेले असतात, हे तुम्हीच शिकवलंत.

राहायला भाड्याची खोलीही मी तशीच बघितली, माझ्या कामाच्या लॅबपासून बसच्या दोन स्टॉपवर. आज सामान घेऊन जातेय. मी वेगळी राहणार म्हटल्यापासून तीन दिवस तुम्ही बोलत नाही आहात, म्हणून लिहून सांगतेय. बीपीच्या गोळ्या फ्रिजवर आहेत.

नव्या तळावर तुमच्या यानाची जागा राखून ठेवली आहे. खोलीची दुसरी किल्ली कीबोर्डखाली आहे.

धाकटी