सोजरबाईची तीन बोटं

चैत्र वद्य तृतीया, शके १८५८
जऊळक्याच्या ठेसनापासून दोन कोसांवरून

तीर्थस्वरूप रामरावमामा यांच्या पायांवर भाचा शालिग्राम डोकं ठेवतो. तुमचा खोकला आता कसा आहे? मामींच्या गुडघ्याला एरंडाचं तेल लावता की नुसतं ताकावर ठेवता? इकडे गाय व्याली, विहिरीला पाणी आहे, तुमची सून गोजराबाई खुशाल आहे आणि मीही खुशाल आहे. (एवढं तिला वाचून दाखवलं. गाय आधी काहून, इतकंच ती म्हणाली.)

तुम्ही अकोल्याहून पाठवलेले चामड्याचे दोन जोड हातमोजे पोचले. ते कामी आले का, असं तुम्ही दोनदा विचारलंत. उत्तर लांबलं याबद्दल क्षमा असावी. आले म्हणावं तर खोटं होतं, नाही म्हणावं तर तुमचा अपमान होतो, आणि खरं सांगायचं तर चार पानं लागतात. म्हणून गुढीपाडवा उरकून आज निवांत लिहायला बसलो आहे.

मूळ गोष्ट पौषातली. ज्वारीची सोंगणी चालली होती. सोजरबाई तुम्हाला आठवत असेल, वीस वर्षांपासून आमच्या वावरात सोंगणाऱ्या बायांच्या पुढे तीच असते. त्या दिवशी मी सगळे विळे लोहाराकडून पाजवून आणले होते आणि बांधावर उभा राहून, केस चिरेल अशी धार आहे, असं सगळ्यांना ऐकवत होतो. ऊन चढायच्या आत तिचा विळा ज्वारीच्या ताठ धांड्यावरून घसरला आणि डाव्या हातात शिरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. बाई ओरडली नाही. पदरात हात दाबून खाली बसली आणि बाकीच्या बायांना म्हणाली, तुमी थांबू नका. बैलगाडीत घालून वाशीमच्या दवाखान्यात नेलं, टाके पडले. जखम भरली, पण करंगळी वाकेना ती वाकेनाच. परत येताना गाडीत तिने मला विचारलं, "भाऊ, आता भाकर कशी थापू?" रडून नाही, खरोखर विचारावं तसं विचारलं. त्याच आठवड्यात तुम्हाला हातमोज्यांचं पत्र टाकलं.

आता तुमच्या हातमोज्यांविषयी. माल अव्वल, यात वाद नाही. पण एकेकात दीड हात मावेल एवढा तो मोठा, आणि जाडी अशी की मोटेचं चामडं लाजावं. माघात सोजरबाई बांधावरचं गवत कापायला आली तेव्हा मी तिला दोन्ही हातांत ते घालायला लावले. (त्याआधी मी थोडं भाषणही केलं. ते इथे देत नाही.) तिसऱ्याच घावाला विळा तिच्या उजव्या मुठीतून निसटला, हवेत गेला आणि माझ्या पायातल्या जोड्यापुढे वीतभर अंतरावर येऊन रुतला. बाया हसल्या. सोजरबाई हसली नाही. "विळा मुठीत हाये का नाही, हेच समजत नाही भाऊ," म्हणाली, आणि हातमोजे काढून बांधावर नीट जोडीने ठेवले.

मी मात्र हार मानली नाही. वावराला काट्यांचं कुंपण घालायचं होतं, तेव्हा तेच हातमोजे मी स्वतः घातले. मामा, बोरीच्या फांद्या मी शेवग्याच्या शेंगांसारख्या उचलल्या! तळव्याला एक ओरखडा नाही. ओरखडे होते ते मनगटापासून कोपरापर्यंत, कारण अंगात आखूड बाह्यांची बंडी होती. दुसऱ्या दिवशी गोजराबाईने जुन्या घोंगडीचे दोन तुकडे माझ्या हातांभोवती गुंडाळून सुतळीने बांधले. तेही जमलं. इथे माझं डोकं फिरलं. काट्याला जे चाललं ते सगळ्याला चालेल असं मी धरून चाललो आणि फर्मान काढलं की आपल्याकडे पात्याजवळ कोणीही उघड्या हाताने जायचं नाही.

कडबा कापायचं चाकाचं यंत्र तुम्हीच पसंत करून दिलं होतं. आमचा सालदार जगदेव त्यात पेंढी सारतो आणि मी चाक फिरवतो. पुढे दोन दातेरी रूळ आहेत, ते कडबा आत ओढतात आणि पाती तो कापतात. जगदेव हातमोजे घालायला तयार नव्हता. नको मालक, असं दोनदा म्हणाला. मी ऐकलं नाही. चार पेंढ्या बऱ्या गेल्या. पाचवीला हातमोज्याची बोटं कडब्याबरोबर रुळात गेली आणि त्याला ते कळलंच नाही. मलाही नाही, मी चाकाच्या तालात होतो. कापलेली कुटी न्यायला आलेली गोजराबाई किंचाळली, "अवो थांबा, हात गेला त्याचा!" मी चाक धरलं. पण जड चाक ते, धरल्यावरही अर्धा फेरा जातंच.

हात वाचला. हातमोजा दीडपट मोठा होता म्हणून जगदेवचा हात त्यातून सुटून आला. हातमोज्याची चार बोटं कुटीबरोबर टोपलीत पडली. जगदेव आपली मूठ मिटत होता, उघडत होता, पुन्हा मिटत होता. मग हळूच म्हणाला, "उघड्या हाताले रूळ जवळ आला का समजते, मालक. याच्यात काईच समजत नाही."

मामा, त्या दिवसापासून एक विचार मनातून जात नाही. हात म्हणजे नुसता झाकून ठेवायचा दागिना नव्हे. पुढे काय आहे ते आधी हातालाच कळतं. आपण तो झाकतो तेव्हा कधी त्याला वाचवतो, तर कधी आंधळा करतो, आणि यातलं कोणतं करतो आहोत हे चाक फिरवणाऱ्याला दिसत नसतं. दुसऱ्या दिवशी यंत्रावर हातमोजे बंद केले. रुळापुढे हातभर लांबीची फळ्यांची पेटी ठोकली, म्हणजे हात तिथवर पोचूच नये. आणि सैल बाह्या घालून तिथे कोणी बसायचं नाही असं ठरवलं.

मग मी सोजरबाईच्या घरी गेलो. (लवकर जायला हवं होतं, हे गोजराबाईने वाटेत तीनदा सांगितलं.) ती भाकरी थापत होती. थापत होती, मामा! दोन बोटं वर धरून, तळहाताच्या गादीने. भाकर एका बाजूला थोडी जाड होत होती, इतकंच. मी विचारलं, सोंगताना हाताला काय असावं? तिने काठवटीतला हात पुसला आणि कोनाड्यातून एक चिंधी काढली. तीन बोटांना गुंडाळून मनगटाला बांधायची, तिची तिनेच केलेली.

"उजव्या हाताले काई नको," ती म्हणाली. "डाव्याचा अंगठा अन् हे पयलं बोट उघडं पाह्यजे, त्याइनंच धांडा धरतो आमी. इळा येते तो खालच्या तीन बोटांवर. चिंधी लवकर फाटते, चामड्याचं पातळ असलं त बरं." आणि मग भाकर तव्यावर टाकता टाकता, "मले आधी इचारलं काहून नाही, भाऊ?"

शेलूबाजारच्या नथ्थू चांभाराने शेळीच्या पातळ चामड्याचे दुहेरी असे नऊ मोजे करून दिले. फक्त डाव्या हाताचे, फक्त तीन बोटांचे. ही अक्कल कोणाची, असं त्याने कौतुकाने विचारलं. सोजरबाईचं नाव न घेता मी म्हणालो, आमच्या घरची. (हेही गोजराबाईला वाचून दाखवलं. ती म्हणते, खोडू नका, राहू द्या, मामांना कळू द्या.)

फाल्गुनात गव्हाची सोंगणी नऊ बायांनी ते घालून केली. तिसऱ्या दिवशी सोजरबाई आपल्या ओळीचं तास सोडून बांधावर आली आणि हात माझ्यापुढे धरला. करंगळीवरच्या चामड्यावर विळ्याची सरळ रेघ होती. वरचा पदर चिरला होता, खालचा शाबूत होता. "पाहा," एवढंच म्हणून ती परत गेली. मी तिथेच उभा राहिलो. धारेबद्दल कोणाला काही ऐकवावंसं वाटलं नाही.

तर हातमोजे कामी आले का, याचं उत्तर हे असं आहे. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक
शालिग्राम

ता. क. कापला गेलेला हातमोजा डावा होता. त्याच्या जोडीचा उजवा गोजराबाईने चुलीवरची कढई उतरवायला घेतला आहे. सासरच्या मंडळींकडून आजवर आलेली ही एकच उपयोगाची वस्तू, असं ती म्हणते.

दुसरा ता. क. मामा, हे पत्र खरं तर यासाठी लिहायला घेतलं होतं, आणि इथवर यायला धीर होत नव्हता. सोजरबाईची लेक गिरजा अकोल्याला कापसाच्या जिनात कामाला असते. हंगाम संपल्यावर ती आईकडे आली आहे. शिमग्याच्या आधी तिचा पदर यंत्राच्या पट्ट्यात गेला. लुगडं जुनं होतं, फाटलं, म्हणून ती वाचली. हे तिने तिथे कोणाला सांगितलं नाही. मुकादमाला कळलं तर बेसावध बाई म्हणून काढून टाकतील, अशी तिला भीती आहे. तो मुकादम तुम्ही आहात. दिवाळीनंतर जिन सुरू होईल तेव्हा गिरजाला कामावर ठेवा, आणि पट्ट्याजवळ उभं राहायला काय नेसलेलं, काय बांधलेलं बरं पडेल, ते तिलाच विचारा. ती लाजेल, लवकर बोलायची नाही. तरी थांबा.