चुकलेली मेंढी आणि रस्त्याकडची खोली

मी, भामाबाई जोतीराम मासाळ, वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे (जन्म दुष्काळातला, तारीख कोणी धरली नाही), मूळ गाव निरवांगी, तालुका इंदापूर, हल्ली राहणार बारामती, एमआयडीसीच्या रस्त्यालगत, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. सुनेला विचाराल तर ती वेगळं सांगेल, पण कायद्यात डॉक्टरांचं चालतं. माझ्यावर कोणाचा दाब नाही. शाळा दुसरीपर्यंत झाली, पुढची सगळी मेंढरांमागे, तरी हे मी माझ्या हाताने लिहिते आहे. वकील मानसिंगराव म्हणाले, "आजी, कलमं थोडक्यात लिवा." मी म्हणलं, मी काय तार करतीय व्हय?

कलम पहिले. निरवांगीची जमीन, विहिरीतल्या हिश्शासह, माझा एकुलता एक मुलगा दादासो यास द्यावी. ती त्यानेच राखली आहे, त्यात बोलण्यासारखं काही नाही.

कलम दुसरे. माझे चांदीचे तोडे सून मनिषा हिला. ती माझ्याशी पुष्कळ भांडली, पण भाकरी गरम वाढून भांडली.

कलम तिसरे हे या कागदाचं खरं कारण आहे, म्हणून नीट वाचावं. घराची रस्त्याकडची खोली, तिच्यातला टेलिफोन व वायरी यांसह, माझी नात निकिता दादासो मासाळ हिला द्यावी. ती लग्न होऊन सासरी गेली तरी खोली तिचीच राहील. दादासोच्या मनात ती औषधांच्या दुकानाला भाड्याने द्यायची आहे, पिकावर मारायच्या औषधांच्या. तो मला म्हणाला, "आई, पोरगी उद्या सासरी जाईल. मग त्या डबड्याची पूजा करायची का आमी?" डबडं म्हणजे निकिताचा कॉम्प्युटर. सकाळी ती त्याच्यावर मुलांना शिकवते. संध्याकाळी त्याला फोनची वायर जोडते, मग आमचा फोन कोणाला लागत नाही आणि घरात शांतता असते.

ही खोली मुळात मेंढरांची आहे. शेवटचा कळप मोडला त्या पैशात जागा घेतली, आणि मालकांनी, म्हणजे निकिताच्या आजोबांनी, कागद माझ्या नावाने केला. म्हणाले, "कळप तुझ्या हाकेला यायचा, तवा जागा बी तुझी." मालक आता नाहीत. त्यांचा शब्द आणि कागद दोन्ही आहेत.

आता संध्याकाळी त्या खोलीत काय चालतं ते लिहिते, म्हणजे कोर्टालाही कळेल. निकिता एका मंडळात आहे. मंडळ कुठल्या गावात नाही, वायरीत आहे. देशोदेशीची माणसं त्यात आहेत. कॉम्प्युटरवर कुणाला काही चमत्कारिक पान सापडलं की तो त्याचा पत्ता बाकीच्यांना कळवतो. सोबत एकच ओळ लिहायची, बघण्यासारखं काय आहे ती. स्वतःच्या घरचं रडगाणं लिहायचं नाही. पहिल्यांदा तिने सांगितलं तेव्हा मी विचारलं, "त्येंना काय मिळतं त्यात?"

"काय न्हाय, आजी."

"मग कशाला सांगत्यात?"

"सापडलं म्हणून."

मला तेवढ्यावर कळलं. आमच्या वाड्यावर, म्हणजे रानात मेंढरं बसवतो त्या तळावर, हीच रीत होती. एकजण पुढं चारा बघायला जायचा. परत आला की पटका सोडायच्या आधी त्यानं सांगायचं, गवत कुठं, पाणी कुठं, वाटेत नवल काय दिसलं. दुसऱ्याचा कळप शेजारी उतरला असला तर त्यालाही सांगायचं. एकट्यानं पाहिलेलं गवत अंगी लागत नाही, असं सासूबाई म्हणायच्या.

अशी पानं करणाऱ्या माणसांचं मला फार कौतुक आहे. एकानं गावातल्या सगळ्या दारांचे आवाज धरून ठेवलेत. एक दार अगदी आमच्या निरवांगीच्या दारासारखं कुरकुरतं. एक बाई दोरीवर वाळणाऱ्या धुण्याचे फोटो काढते, दुसरं काही नाही. एकानं जुन्या ट्रॅक्टरच्या नुसत्या बैठका, म्हणजे बसायच्या सीटा, जमवल्यात. त्या दिवशी दादासो खोली मोजायला आला होता. टेप हातात तसाच राहिला आणि तो बराच वेळ बैठका बघत उभा राहिला. निकितानं विचारलं, "पप्पा, खुर्ची देऊ?" तर म्हणाला, "न्हाय, निघालोच." निघाला नाही.

आणि एकदा मेंढरांच्या कानांचं पान आलं. समुद्रापलीकडच्या एका मेंढपाळाचं. त्यांच्यातही कानाला काप देऊन खूण करतात, जशी आपल्यात. मी बघत गेले, आणि एका मेंढीपाशी हात धरला निकिताचा. डाव्या कानाचा शेंडा कापलेला, उजव्याला मागून दोन चिरा. मासाळांची खूण.

"ही आपली हाय," मी म्हणलं. "घाट उतरताना चुकलेली."

"आजी, समुद्राच्या पल्याड हाय ती."

"चुकलेलं मेंढरू कुठवर जाईल याचा नेम न्हाय. लिही."

निकिता हसून हसून खाली बसली, पण मी सांगितलं तसंच तिनं इंग्रजीत करून मंडळाला पाठवलं: मेंढी आमची आहे. सांभाळलीत, उपकार झाले. परत पाठवायची तसदी घेऊ नका. फक्त ती उजव्या अंगाला बिचकते, डावीकडून हाक मारावी.

मंडळातल्या कुणीतरी ते त्या मेंढपाळाला पोचवलं. त्याचं उत्तर आलं. मेंढी त्याच्याच गोठ्यात जन्मली होती आणि खूण त्याच्या आजोबांची होती. म्हणजे मी चुकले, हे मान्य आहे. पण पुढं त्यानं लिहिलं होतं की ती मेंढी कधी हाती लागत नसे, माझं पत्र वाचून त्यानं डावीकडून हाक मारली, तर चालत आली. त्यानंतर कितीतरी दिवस मंडळातली माणसं आपापल्या मुलखातल्या कानांच्या खुणांचे पत्ते धाडत होती. कुणी मला हसलं असेल तर ते माझ्यापर्यंत आलं नाही. दादासोला हे मी सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "भाडं तर न्हाय ना धाडलं कुनी?" तू दुकानाला दुसरी जागा बघ, बाळा. बारामतीत जागांना तोटा नाही. ही द्यायची नाही.

कलम चौथे. खोलीच्या अटी. दर गुरुवारी बाजाराला आलेल्या आपल्या माणसांना निकिताने खोलीत बसू द्यावे व काहीतरी नवल दाखवावे. दादासोची खुर्ची भिंतीकडची.

कलम पाचवे. माझी जाऊ चंद्राबाई हिला माझं काळं घोंगडं. तिनं एका उन्हाळ्यात झऱ्याची जागा आमच्यापासून लपवली आणि आमची मेंढरं तहानलेली पुढं गेली. मी विसरलेले नाही. तिलाही गुरुवारी खोलीत यायची मुभा आहे, मात्र आल्यावर काहीतरी सांगावं लागेल. नुसतं बघून जायचं नाही.

कलम सहावे. माझ्यामागे निकिताने मंडळाला कळवावे. रडगाणं चालत नाही, तेव्हा त्या कानांच्या पानाचाच पत्ता पुन्हा द्यावा, आणि खाली एक ओळ: या खुणेची एक म्हातारी पुढं चारा बघायला गेली आहे.

परत येऊन सांगता आलं, तर पहिल्यांदा त्या खोलीत सांगेन. म्हणून ती उघडी ठेवावी.

या मृत्युपत्राची तामिली ॲड. मानसिंगराव यांनी करावी. वकील म्हणाले, सही करा नाहीतर अंगठा. सही मला येते, ती केली आहे. तिच्याशेजारी आमची खूणही काढली आहे, डावा शेंडा कापलेला, उजव्याला दोन चिरा. मेंढरांनी मिळवलेल्या जागेवर ती असावी.

सही: भामाबाई जोतीराम मासाळ

साक्षीदार, आमच्या समक्ष सही व खूण केली:
१. रावजी गेणबा कोळेकर, राहणार निरवांगी
२. संभाजी रामहरी शिंदे, राहणार भवानीनगर

ठिकाण: बारामती, रस्त्याकडची खोली
दिनांक: १८ नोव्हेंबर १९९९, गुरुवार, बाजाराचा दिवस