पाणी मुरायला तीन वर्षं

२ सप्टेंबर १९८५
आजपासून रोजनिशी. थोर माणसं रोजनिशी ठेवत नाहीत, मग चरित्रकारांचे हाल होतात.
काम: देवळीजवळच्या या गावात पावसाचं किती पाणी, किती वेळात जमिनीत मुरून विहिरीपर्यंत जातं, ते काढणे. आमच्या नागपूरच्या भूजल ऑफिसात कुणाला जमलं नाही. माझा आकडा तयार आहे. पोचायला तीन वर्षं, तेही थेंबथेंब. प्रयोग फक्त शिक्कामोर्तबासाठी.

५ सप्टेंबर
मुक्काम इथले शेतकरी वासुदेवराव यांच्याकडे. स्वभाव गोड, विज्ञान कच्चं. आकडा ऐकून चेहरा पडला. पाणी मुरत नाही अशी सरकारात नोंद झाली, तर गावाला नव्या विहिरी मंजूर होणार नाहीत.
"थोडं कमी करा ना साहेब. दीड वर्ष लिवा."
विज्ञानात घासाघीस नसते, असं ठणकावलं. (अडीचपर्यंत आलो असतो.)

८ सप्टेंबर
वासुदेवरावांच्या विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा. त्यात हिरवा रंग. पाऊस तो खाली नेईल. विहिरीत दिसला की वेळ कळली. पोटात गेला तरी अपाय नाही. सूचनेत लिहिलंय, मोजून चिमूटभर. चिमूट भित्र्यांसाठी. अख्खा डबा ओतला.
विहिरीत रोज डोकावायची गरज नाही. १९८८ मध्ये बघू.

१२ सप्टेंबर
दणकून पाऊस. दिवसभर घरात. रिपोर्ट लिहून नागपूरला पोस्टात टाकला. आमचे प्रभाकरराव साहेब वाचतील, नोकरी कायम होईल. नव्या सहीचा सराव केला. शेपटीवाली.

१४ सप्टेंबर, पोळा
वासुदेवरावांची गवळाऊ बैलजोडी गावात सगळ्यात पांढरी. पहिल्या नंबराची आशा. पहाटे अंधारातच विहिरीच्या पाण्यानं धुतली. उजाडताच त्यांच्या रुख्माबाई ओरडल्या, "अवो, बैल पोपट झाले नं!"
खरंच. शिंगापासून शेपटीपर्यंत हिरवे. वासुदेवराव स्वतः कोपरापर्यंत.
मी शांतपणे म्हणालो, शेवाळ असेल. विहिरीत डोकावलो. विहीर चकाकत होती. शेवाळ इतकं चकाकत नाही, हे मान्य करायला चहापर्यंत वेळ घेतला.
वासुदेवराव रडवेले. "आता तोरणाखाली कसा नेऊ यायले?" नेले. गाव हसून लोळलं. पंचांना हसण्यापायी बोलवेना, त्यांनी बोटानंच पहिला नंबर दाखवला. वासुदेवराव नाचले, मलाही नाचवलं. फार नाचलो.
आकडा बरोबरच होता. खडक घाईचा निघाला.

१८ सप्टेंबर
प्रभाकरराव जीपनं आले. बैल बघून जीपला धरून हसले. मग माझा रिपोर्ट फाडला. म्हणाले, खडकात भेगा आहेत, पाणी झपाट्यानं मुरतं. विहिरी अडणार नाहीत. गावानं टाळ्या वाजवल्या. मीही.
मग साहेबांनी विचारलं, नेमकं किती मुरतं? छाती काढून म्हणालो, हा आत्ता हिशेब करतो.
"रंग मोजून टाकला होता ना? त्याशिवाय हिशेब कसला?"
अख्खा डबा, सर.
"डब्यात किती होता?"
डब्याचं लेबल शोधायला गेलो.
आता दुसरा माणूस येणार. चिमूट घेऊन.

२० सप्टेंबर
साहेबांचा तोंडी हुकूम: बैल पांढरे होईपर्यंत इथेच. सकाळपासून साबण आणि काथ्या. दोनदा लाथ. फेस अजून हिरवा.
वासुदेवराव खाटेवरून लक्ष ठेवून आहेत. "साहेब, मानेखाली राह्यलं."