पडद्याकडे पाठ करून

ता. ११, शनिवार
दुपारी, दोन खेळांच्या मधे

प्रिय वकील,

तू बरा असशील. मी बरा आहे. पत्रास कारण की... कारण जरा पुढे येईल, दम धर. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, त्याबद्दल तक्रार नाही. तुझ्या जागी मीही केलं असतं आणि वर चार जणांना सांगत सुटलो असतो. म्हणून कागद. अक्षर ओळखून फाडू नकोस, निदान हे पान संपेपर्यंत.

कॉलेज सोडल्यावर दोन महिने घरी बसलो. आईने बोलणं बंद केलं, बाबांनी दुप्पट केलं. शेवटी कंटाळून इथे थिएटरात लागलो, दारावर. तिकिटं बघायची, अंधारात बॅटरी मारून खुर्ची दाखवायची, खेळ संपायच्या दहा मिनिटं आधी आत शिरून बाहेरची दारं उघडायला उभं राहायचं. मग झाडू. खुर्च्यांखाली माणसं काय काय टाकतात यावर मी आता पुस्तक लिहू शकेन.

कंदीलवालीचा सातवा भाग आमच्याकडे तीन आठवडे चालू आहे. शेवटचा. तू पाहिला नसशील असं समजून लिहितोय. घाबरू नको, शेवट सांगत नाही.

खरं म्हणजे मी तो पाहिलेलाच नाही. आमचं बाहेरचं दार पडद्याच्या अगदी बगलेत आहे. तिथे उभं राहिलं की समोर सगळी माणसं दिसतात आणि पडदा पाठीमागे राहतो. मान वळवली की दिसतो. मी वळवली नाही. शेवटच्या दहा मिनिटांत संवाद नाहीत, नुसतं संगीत आहे, तरी कानात कापूस घालतो. मशीनवाले काका रोज विचारतात, "काय रे, कान फुटलेत का तुझे?" मी म्हणतो, "हो." ते म्हणतात, "मग 'हो' कसं म्हणालास?" सत्तरेक खेळ झाले असतील. इतक्या वेळा मी लोकांना तो शेवट बघताना बघितलंय. त्या वेळी त्यांच्या तोंडावर कसला उजेड पडतो ते लिहिलं तर शेवट सांगितल्यासारखं होईल, म्हणून सोडून देतो.

पण लोकांबद्दल सांगायला हरकत नाही.

एक नर्स आहे, ड्यूटीच्या कपड्यांतच येते. सहा वेळा आली. मी दार उघडायला आत जातो तेव्हा ती बाहेर पडताना दिसते. एकदा विचारलं, "ताई, शेवट नाही बघायचा?" म्हणाली, "पहिल्यांदा बघितला. आता इथपर्यंतच पुरे." एक वडील ढसाढसा रडत होते आणि त्यांचा मुलगा त्यांच्या शर्टाची बाही ओढत होता, "बाबा, लोक बघतायत." बाबा म्हणाले, "बघू देत. तू एवढासा होतास तेव्हा पहिला भाग बघितलाय आपण." मागच्या आठवड्यात एका टोळक्याने हुर्यो केली. त्यातला एक माझ्यावरच धावून आला, जसा काही तो सिनेमा मीच काढलाय. "सात भाग बसवून ठेवलं आम्हाला, आणि हे?" मी म्हटलं, "दार इकडे आहे." त्याने हातातला लाकडी कंदील, घरी बनवलेला, रंगबिंग दिलेला, कचऱ्याच्या डब्यात कोंबला. दोन दिवसांनी मान खाली घालून आला. "तो आहे का अजून?" होता. मी काढून ठेवला होता. का, ते मला विचारू नकोस.

मागच्या रविवारी जे झालं त्यावरून हे पत्र सुचलं.

पहिला खेळ सुटला. पुढच्या खेळाची रांग जिन्यापर्यंत होती. आतून एक माणूस बाहेर आला, चाळिशीचा असेल, डोळे लाल. त्याने जिन्यातच फोन लावला. पलीकडे त्याचा भाऊ असावा. आणि त्याने सांगितला ना शेवट! ठणठणीत आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत, रांगेतल्या दोनशे माणसांच्या देखत. त्याला रांग दिसतच नव्हती. मी बाहेर होतो, कानात कापूस नव्हता.

रांगेने आधी आरडाओरडा केला, मग एकाने त्याची गचांडी धरली आणि दुसरा हात मागे नेला. मी मधे पडलो. तो मागे नेलेला हात मी धरला. वकील, धरलेला हात केवढा तापलेला असतो! मारणारा म्हणत होता, "सोड, याची बत्तीशीच घालतो घशात." आणि तो फोनवाला गोंधळून म्हणाला, "अहो, काय झालं? मी फक्त दादाला सांगत होतो." फोन अजून चालू होता. त्यातून त्याचा दादा "हॅलो, हॅलो" करत होता.

म्हणजे शेवट मला कळला. आणि काही झालं नाही. छत कोसळलं नाही. उलट आता बघावासा जास्त वाटतो.

तुझं तोंड आठवलं तेव्हा. सहाव्या भागानंतर तू कँटीनमध्ये धावत आला होतास. इतके दिवस मला वाटायचं की तू मला खिजवायला आलास, दात काढत आलास. आता अशी हजारो तोंडं बघून झाली. ते खिजवणं नव्हतं. बाहेर पडलेल्या माणसाला ते एकट्याने पेलत नाही, जो पहिला आपला भेटेल त्याला तो सांगतो. तुला पहिला मी भेटलो. "अरे, ती कंदील स्वतःच विझवते!" एवढंच म्हणालास तू. तुझे डोळे ओले होते. ते मी बघितलं होतं, आणि तरी मारलं.

प्राचार्यांना मी सांगितलं की शेवट फोडला म्हणून डोकं फिरलं. घरी तेच सांगितलं, स्वतःलाही तेच. माफीचा कागद लिहून दे, प्रकरण मिटेल, असं ते म्हणाले होते. मी कॉलेज सोडलं, पण कागद दिला नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे म्हणालो. कसलं डोंबलाचं तत्त्व!

खरं काय ते तुला माहीत असेल. तुझ्या मागोमाग ती आत आली, आपली मॉनिटर. तिचेही डोळे तसेच ओले. मला सोडून तुम्ही दोघं मिळून रडून आला होतात. तिघांची तिकिटं होती, आदल्या दिवशी तिच्याशी भांडून "जा, तुम्हीच जा" असं मीच म्हटलं होतं, आणि तुम्ही गेलात. माझं म्हणणं तुम्ही ऐकलंत, हाच तुमचा गुन्हा.

ती बुधवारी इथे आली होती. तीन आठवडे मी प्रत्येक खेळाला तिला शोधत होतो, ओळीन् ओळ. आमचं फार पूर्वी ठरलं होतं, काहीही होवो, सातवा भाग बरोबर बघायचा. म्हणून पाठ. म्हणून कापूस. तिला मी बसताना बघितलंच नाही. खेळ संपल्यावर सगळे गेले तरी एक जण बसून होती, झाडू घेऊन गेलो तर ती.

"किती वेळा बघितलास?" तिने विचारलं.

"एकदाही नाही. ठरलं होतं ना आपलं."

ती म्हणाली, "अरे, मला वाटलं तू इथेच कामाला, तुझी पारायणं झाली असतील. म्हणून एकटी आले."

मी पुढच्या खुर्चीखाली झाडू फिरवला. झाडू हातात असला की बोलायला फार सुचत नाही.

"तो हल्ली हसताना तोंडावर हात धरतो," ती म्हणाली. "थिएटरात तर पाऊलच टाकत नाही. आम्ही कितीदा म्हटलं."

"मी तुला पत्र लिहू का?"

"मला नको. त्याला लिही."

आणि पर्स उचलून गेली. पायऱ्यांवर सांभाळून चालली, दिवे अजून पूर्ण लागले नव्हते. मी बॅटरी मारली. सवय. तिने मागे बघितलं नाही. ती परत येणार नाही, एवढं मला कळतं. कळतं आणि पचतं यात फरक आहे, पण तो माझा मी बघेन.

हे पत्र तिच्या सांगण्यावरून लिहिलं असं तू म्हणशील. उलटतपासणीत तू पक्का आहेसच. तीन दिवस म्हणूनच लिहिलं नाही. मग ठरवलं की लिहायचं, पण लिहिलं हे तिला सांगायचं नाही. तूही सांगू नकोस. तिच्या कानावर गेलं तर याची किंमत शून्य.

तर कारण. मी तुला मारलं, तुझा दात पाडला, आणि चूक तुझी नव्हती. माझं चुकलं. माफ कर. प्राचार्यांना हवा होता तो कागद हाच. उशिरा दिलाय आणि योग्य माणसाला दिलाय.

आता एक विनंती. शुक्रवारी सिनेमा उतरतोय. गुरुवारी तीनचा खेळ शेवटचा. सोबत एक तिकीट जोडलंय, कडेची खुर्ची, पुढे पाय पसरता येतात. शेजारचं माझ्याकडे आहे. त्या खेळाला मी सुट्टी मागितली आहे. काका म्हणाले, "कान बरे झाले वाटतं." मी शेजारी बसलेलं चालत नसेल तर आत शिरताना नुसती मान हलव, मी दारावर जाऊन उभा राहीन, रोजच्यासारखा, पाठ करून. बाहेर पडताना माझ्याशी बोलायलाच पाहिजे असंही नाही. तोंडावर हात धरला नाहीस तरी पुष्कळ झालं.

आलाच नाहीस, तर तिकीट ठेवून दे. शेवट मी तुला कधीच सांगणार नाही.

तीन वाजता दारापाशी,
तूच नाव ठेवलेला
काडेपेटी