सत्काराचा फेटा

रविवार, उमरी

आज गावानं माझा सत्कार केला. नेदरलँड्सच्या कंपनीनं मला कामावरून काढलंय आणि त्या नोकरीवरच माझा तिथला व्हिसा होता, हे इथं कुणालाच ठाऊक नाही. फेटा बांधताना काका म्हणाले, "लई नाव काढलंस, बाबा." फेटाच घट्ट होता, की माझंच डोकं फुटत होतं?

घरी आल्यावर फेटा काढायचंही सुचलं नाही. वडिलांनी विचारलं, "परत कवा जायचं?"

"पुढच्या आठवड्यात." तोंडातून निघूनच गेलं.

त्यांनी लगेच आईला हाक मारली, "अगं, त्याच्यासाठी चटणी कर."

आईनं मिरच्या भाजायला घेतल्या. घरभर खाट उठला, सगळ्यांनाच ठसका लागला. त्या ठसक्याच्या आडून मी पोटभर रडून घेतलं. सांगितलं मात्र नाहीच.