दिवसाचं तिकीट

कळंबा, रविवार, संध्याकाळ

आप्पांनी ‘कळंबा’ का सांगितलं? येताना गाडीत तेच डोक्यात होतं, अजूनही आहे. माझेच वडील, पण कधी कधी कळत नाहीत.

आमचं मूळ गाव आता राष्ट्रीय उद्यानात आहे. जंगलासाठी गाव उठवलं तेव्हा आप्पा ऐन तिशीत होते; मग आम्ही इथं कळंब्याला आलो. त्यानंतर आज पहिल्यांदा तिकडं यायला तयार झाले. गेटवरच्या गार्डनं विचारलं, “पावणं, कुठनं आलाय?” मी सांगणारच होते की हे इथलेच, ह्यांना कसलं तिकीट? तेवढ्यात आप्पा म्हणाले, “कळंब्यासनं,” आणि स्वतःच पैसे पुढं केले.

आत आमच्या घराचं नुसतं जोतं उरलंय. आप्पा त्यावर जाऊन बसले. मला वाटलं रडतील. छे! तिकीट हातात धरून नुसते बसून राहिले.

परतताना तिकिटाच्या खिडकीवर विचारतात काय, “वर्षाचा पास मिळतोय का हो?”

“न्हाय, दिवसाचंच तिकीट.”

मघाशी चहा देताना मी विचारलंच, “कळंबा कशाला सांगितलं? गाव सांगितलं असतं तर फुकट सोडलं असतं की त्यानं!”

आप्पा बशीत चहा ओतत म्हणाले, “फुकट बसल्याला कोणबी उठीवतंय. तिकीट काढल्यालं बरं.”

गेट बंद व्हायची वेळ झाली तेव्हा त्या जोत्यावरून “आप्पा, उठा आता” म्हणणारी मीच होते.