डाव्या बाजूची गिटार

वैशाली नगर, भिलाई
८ जानेवारी

प्रिय रीना,

जयभीम. तू, तुझी सून आणि तुमचं ते आळशी मांजर, तिघंही नागपूरच्या थंडीत सुखरूप असाल असं धरून चालते. इकडे आम्ही दोघं ठीक. नरेशची शुगर काबूत आहे, असं तो म्हणतो. तिळाच्या लाडवांचा डबा वेगळंच काही सांगतो.

तुझी तक्रार पोचली. मी फोन उचलत नाही, उचललाच तर 'हो हो' करून ठेवून देते, मेसेजला नुसता अंगठा पाठवते. सगळं कबूल. पण फोनवर मनासारखं बोलणं होत नाही गं. आणि शाळेत सिस्टर ॲग्नेसने आपल्याकडून एवढं अक्षर गिरवून घेतलं ते काय अंगठे पाठवायला? म्हणून आज अंगणात उन्हात खुर्ची टाकून कागद घेऊन बसले आहे. पायाशी तिवऱ्याची, म्हणजे तुमच्या लाखोळीची, भाजी निवडून ठेवलेली परात आहे. काल सुपेलाच्या बाजारात पहिल्यांदा कोवळी मिळाली. तू असतीस तर अर्धी कच्चीच खाल्ली असतीस.

माझं गाणं ऐकणं चालू आहे का, असं विचारलंस. चालू आहे. सकाळी पोळ्या लाटताना आपला तोच इंग्रजी बँड, आपले दाढीवाले लावते. शेजारच्या घरात प्रेरणा नावाची नवी सून आली आहे, गोड मुलगी आहे. पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरात आली तेव्हा दारातच थांबली. म्हणाली, "काकू, हे तुम्ही लावलंय? मला वाटलं पियूष भैया आया है." मी म्हटलं, "पियूष हैदराबादला. हे त्याच्या आईचं आहे, लग्नाच्या आधीपासूनचं." ती ड्रम ऐकत पोळपाटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इसमें रोटी गोल कैसे बनती है?"

बनते गं. याच तालात बनते.

दाढीवाले मुंबईला येणार हे तुझ्या आधी पियूषने मला कळवलं होतं. चौघांतले तिघे उरलेत, दाढ्या पांढऱ्या झाल्यात, आणि म्हणे हा शेवटचा दौरा. तू लगेच दोन तिकिटं काढलीस, तीही अगदी स्टेजजवळची! सिस्टर म्हणायच्या तसं, रीनाला धीर नावाची गोष्ट देवाने दिलीच नाही.

पण रीना, माझं येणं जमेल असं वाटत नाही. गुडघे फार कुरकुरतात. तिथे तासन्‌तास उभं राहावं लागेल. नरेशला एकटं ठेवायचं म्हणजे जीव टांगणीला. दुर्गहून मुंबईच्या गाड्यांना गर्दी किती, तुला ठाऊकच आहे. तिकीट तुझ्या सुनेला दे. तरुण पोरगी आहे, तिला मजा येईल.

९ जानेवारी, दुपार

काल पत्र इथेच संपवून सही करणार होते. पाकिटात घालण्याआधी एकदा वाचलं आणि माझंच मला हसू आलं. गुडघे! याच गुडघ्यांनी दिवाळीनंतर डोंगरगढला प्रज्ञागिरीच्या सगळ्या पायऱ्या चढून आले, आणि वर बुद्धमूर्तीपुढे काढलेला फोटो तुलाच पाठवला. तू काही बोलली नसतीस, पण तुला कळलं असतं. तेव्हा नीट सांगते.

दिवाळीत पियूषने मला मोठे हेडफोन पाठवले. मी हौसेने कानावर चढवले आणि आपल्या दाढीवाल्यांचा पहिला अल्बम लावला. तुला आठवतं ना, त्यात दोन गिटार आहेत. उजव्या बाजूने वाजते ती तुझ्या लाडक्याची, डावीकडची माझ्या लाडक्याची. आपण वाटणीच करून घेतली होती. तुमच्या क्वार्टरमधल्या टेपरेकॉर्डरला एकच स्पीकर होता, तेव्हा हे डावं-उजवं आपल्याला कळलंही नव्हतं. दोघी जमिनीवर आडव्या पडून त्या स्पीकरला दोन बाजूंनी कान लावायचो, कारण तुझे बाबा प्लांटमध्ये नाईट शिफ्ट करून झोपलेले असायचे. कॉलेजात गेल्यावर तुझ्या दादाचा स्टिरिओ पहिल्यांदा ऐकला आणि आपण दोघी किंचाळलो. माझा इकडे, तुझा तिकडे!

तर हेडफोनमध्ये माझा नव्हता. तुझा वाजत होता, ड्रम होते, गाणं होतं. डावीकडे काही नाही. मी पियूषला झापलं, "डुप्लिकेट माल पाठवला आईला." त्याने बिचाऱ्याने बदलून दुसरे पाठवले. त्यातही तेच. मग मी ठरवलं की हल्ली या फोनवाल्या गाण्यांत काटछाट करत असतील. तसं शेजारीपाजारी सांगितलंही.

त्यानंतर बेलचं झालं. तुमच्याकडे जसं होतं तसंच आमच्याकडेही पस्तीसेक वर्षं चाललं. नाईटचा आठवडा असला की माणूस सकाळी घरी येऊन आधी बेलचा तार काढणार, मग हातपाय धुणार. आख्ख्या सेक्टरला ठाऊक असायचं, बेल वाजली नाही की समजायचं नाईट आहे, कडीही वाजवायची नाही. प्लांटचं क्वार्टर सोडून इथे स्वतःच्या घरात आलो, नरेश रिटायर होऊनही कितीतरी वर्षं झाली. पण नोव्हेंबरात गॅसवाला येऊन परत गेला, मग कुरिअरवाला, मग विहारातल्या भीमाबाई वर्गणीला येऊन परत गेल्या आणि रविवारी वंदनेनंतर सगळ्यांसमोर मला टोचून बोलल्या. मी घरी येऊन नरेशवर तुटून पडले.

"तुमी बेलचा तार पुन्हा काढला का?"

तो कानाशी हात नेऊन म्हणाला, "काय?"

"बेल! तार! आता कोणती नाईट करून राहिले तुमी?"

तो जरा विचारात पडला. भांडला नाही. म्हणाला, "काढला असंन. हाताले सवय आहे." आणि स्टूल घेऊन वर चढला. तार तर जागच्या जागी होता. तरी त्याने स्क्रू आवळले, खाली उतरला, म्हणाला, "झालं." पुढच्या आठवड्यात पुन्हा कोणीतरी परत गेलं. पुन्हा मी ओरडले, पुन्हा तो बिचारा स्टुलावर. त्याचे कान प्लांटातल्या प्लेट मिलच्या खडखडाटाने कधीच नेलेत, हे तुला माहीत आहे. त्याला बेल ऐकू येत नाही यात नवल नव्हतंच. घरातला कान म्हणजे मी. मला ऐकू आली नाही म्हणजे बेल बंद. इतका साधा हिशोब होता आमचा, आणि दोघांचाही त्यावर पूर्ण विश्वास.

एका सकाळी प्रेरणा मागच्या दाराने आत आली, हातात वाटी, तोंड लाल.

"काकू, मैं कब से घंटी बजा रही हूँ! तुम्ही दोघं खिडकीतून दिसून राहिले, आरामात पेपर वाचत!"

"घंटी बंद आहे बाई," मी म्हटलं. "काका तार काढून ठेवतात."

"बंद? काकू, पूरे मोहल्ले को सुनाई दे रही है!"

आम्ही तिघं पुढच्या दाराशी गेलो. तिने बटण दाबलं. ती चिमणीची चिवचिव करणारी बेल आहे आमची. मी तिच्या बोटाकडे बघत होते. बोट दाबलेलं, तिचा चेहरा प्रश्न विचारत असलेला, आणि माझ्याभोवती सगळं शांत. नरेश बेलकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, नेहमीसारखा, मी काय म्हणते त्याची वाट बघत.

मग त्याला कळलं. हळूच म्हणाला, "तुले बी?"

प्रेरणा गेल्यावर मी हेडफोन काढले आणि उलटे घातले. उजवी बाजू डाव्या कानावर, डावी उजव्यावर. माझा गिटारवाला तिथेच होता, रीना. सगळा वेळ तिथेच होता. आता तुझा गायब झाला होता.

फोनही मी जन्मभर डाव्या कानाला लावत आले. म्हणून ते 'हो हो'. उजव्याला लावून पाहिला, पण त्यातही तुझा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. विहारात वंदनेच्या वेळी मी पुढच्या बायकांचे ओठ बघून म्हणते.

दुर्गला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. डावा जवळजवळ गेला आहे, नसेचं आहे, परत येणार नाही. उजव्याला बारीक, उंच आवाज येत नाहीत, बाकी बरा आहे. त्याला मशीन लावायचं. आणि मोठ्या आवाजापासून जपायचं. हे शेवटचं डॉक्टर मान खाली घालून लिहिता लिहिता म्हणाले. मी विचारलं, "एक संध्याकाळसुद्धा नाही?" त्यांना वाटलं मी लग्नाच्या बँडविषयी विचारते आहे. म्हणाले, "लांब उभ्या राहा, कानात बोळे घाला." मी कागद घेऊन उठले. पोराच्या वयाच्या डॉक्टरला काय सांगणार?

पण माझी खरी भीती कानाची नाही गं. आज माझ्या डोक्यात तो पूर्ण वाजतो. पोळी लाटताना, बसमध्ये, विहारात डोळे मिटल्यावरसुद्धा, एकेक सूर जागेवर. मुंबईला गेले, तो समोर उभा राहिला, त्याची बोटं तारांवर फिरताना दिसली, आणि मला त्यातलं अर्धंमुर्धंच ऐकू आलं, तर? मग यापुढे डोक्यातही तो तसाच अर्धा वाजायला लागला तर? असलेलं हरवून यायला एवढ्या लांब जायचं का?

म्हणून गुडघे. आता तुला कळलं. तिकीट सुनेला दे.

१० जानेवारी

अजून पत्र पाठवलेलं नाही. काल मी लिहीत असताना नरेश शेजारी येऊन बसला होता, नखं कापत.

"रीनाले एवढं काय लिहून राहिली?"

मी सांगितलं. आमच्याकडे आता असं ओरडून सांगणं म्हणजे गल्लीला सांगणं असतं, तरी सगळं सांगितलं, अगदी डोक्यातल्या गिटारीचंही. त्याने नखं कापणं थांबवलं. नेलकटर पुसत बसला. मला वाटलं, ऐकूच गेलं नसेल.

मग म्हणाला, "माही नाईट असली का तू आतल्या खोलीत ते लावत होती. एकदम बारीक."

"तुमची झोप मोडू नये म्हणून."

"मले तेवढ्यानंच झोप येत होती. तू बंद केलं का जाग यायची." आणि हसला. "आता दारं उघडी टाकून लाव, मोठ्यानं लाव, मले काही येत नाही. पण मले आठवते तं सारं. कुठं अर्धं झालं ते?"

त्याला गाण्याचं नाव माहीत नाही, बँडचं नाही, इंग्रजी शब्द तर एकही नाही. तरी तो बोट मांडीवर आपटत राहिला, आणि ठेका बरोबर होता.

"एक कान शाबूत आहे नं?" तो म्हणाला. "मंग जाय. दोनी गेल्यावर जाशील काय?"

"आणि तुमी? घरी एकटे? बेल वाजली तं?"

"बेल तशीबी ऐकू येत नाही. चोर आला तं पावना समजून चहा पाजीन."

वर म्हणाला, तू मशीन लावशील तर मीही लावीन. हा तोच माणूस, जो मशीनचं नाव काढलं की इतकी वर्षं जेवणावरून उठून जात होता. डॉक्टरांना विचारून आजच दोघांची मापं देऊन आलो. परतताना त्याने दुर्गच्या बाजारात मला कानात घालायचे बोळे घेऊन दिले, रबराचे, पिवळेधमक. दुकानदाराला म्हणाला, "मॅडम नाचने जा रही हैं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर मी येते आहे, रीना. गाडी मी दुर्गहून धरते, तू नागपूरला चढ. सुनेला अजून तिकीट दिलं नसशील तर देऊ नकोस, दिलं असशील तर परत माग, माझं नाव सांग.

एकच मागणं आहे, आणि ते लहान नाही. शाळेत असल्यापासून तू पहिल्या रांगेची स्वप्नं बघत आलीस, आणि मला आता मागे, अगदी मागे उभं राहावं लागेल. तू पुढे जायचं ठरवलंस तरी मी येईनच, मागे एकटी उभी राहीन, खरंच. पण तू मागे आलीस तर मला हवं आहे. राग आला तर तोही कळव, मात्र लिहून. फोनवर ओरडलीस तर सगळं वाया जाईल.

आणि तो वाजवायला लागला की माझ्या चेहऱ्याकडे बघू नकोस. जेवढं येईल तेवढं मी घेईन. जे निसटेल ते परतीच्या गाडीत तू मला तोंडाने वाजवून दाखव, डब्यातली माणसं हसली तरी चालेल. फक्त माझ्या उजवीकडे बसून.

तुझी,
यापुढे कायम तुझ्या डाव्या हाताला असलेली,
रत्ना